विज्ञान संग्रहालयात दोन वर्षांचे मूल : तिकिटाचे पैसे खरेच वाया जातात का?

शनिवारी सकाळी विज्ञान संग्रहालयात गेलेल्या तरुण आईवडिलांचा अनुभव बहुधा सारखाच असतो. डायनोसॉर, तारांगण, विजेचे प्रयोग अशी यादी मनात तयार असते. आणि दीड-दोन वर्षांचे मूल पहिल्याच दालनातील पाण्याच्या हौदाशी ठाण मांडते. तोच चेंडू पाण्यात टाकायचा, तो वर आला की पुन्हा टाकायचा. अर्धा तास उलटतो, पालक घड्याळाकडे पाहू लागतात आणि अखेर रडणाऱ्या मुलाला उचलून पुढच्या दालनाकडे निघतात.

वस्तुतः त्या हौदाशी जे चालले होते, तोच प्रयोग होता. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांच्या निरीक्षणांतून नोंदवले आहे की, साधारण बारा ते अठरा महिन्यांच्या वयात मूल तीच कृती थोडा थोडा फरक करून पाहू लागते. वस्तू कधी उंचावरून टाकायची, कधी बाजूने, आणि दर वेळी काय होते ते पाहायचे. मोठ्यांना ही निव्वळ पुनरावृत्ती वाटते. मूल मात्र त्यातून वस्तूंचे नियम पडताळत असते.

हाताळून शिकण्याला मध्यवर्ती स्थान देणाऱ्या संस्थांमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियमचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. रॉबर्ट ओपेनहायमर यांचे धाकटे बंधू, भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपेनहायमर यांनी १९६९ मध्ये ते स्थापन केले. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रातील बालविज्ञान उद्यान १९७९ मध्ये खुले झाले. आज अमेरिकेत राहणाऱ्या अनेक मराठी पालकांनी शाळेच्या सहलीत तेथील उपकरणे हाताळलेली असतील.

परंतु उपकरण हाताळू दिले की पालकांचे काम संपते, असे नाही. कॅलिफोर्नियातील एका बालसंग्रहालयात केव्हिन क्रॉली, मॉरीन कॅलनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पालक आणि मुले यांच्यातील सहज संभाषणांचा अभ्यास केला. तो २००१ मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उपकरण कसे वापरायचे आणि त्यातून काय घडले, याविषयी पालक मुलगे व मुली दोघांशीही सारखेच बोलत होते. मात्र त्यामागचे विज्ञान समजावून सांगण्याचे प्रमाण मुलग्यांच्या बाबतीत तिप्पट होते. हा भेद पालक जाणूनबुजून करत नसावेत. पण शाळेत विज्ञान सुरू होण्याच्या कितीतरी आधीच तो घरातून सुरू होत असावा, असे संशोधकांनी सुचवले.

हा फरक हौदाशीच समजून घेता येतो. ‘चेंडू टाक’ ही सूचना झाली. ‘बघ, वर आला!’ हे निरीक्षण झाले. ‘चेंडू हलका आहे, म्हणून तरंगला, दगड जड, म्हणून बुडाला’ हे स्पष्टीकरण. अडीच वर्षांच्या मुलीला हलके-जड याचा पूर्ण अर्थ कळणार नाही, हे खरे. पण ‘म्हणून’ आणि ‘कारण’ हे शब्द वारंवार कानावर पडले, तर प्रत्येक घटनेमागे काही कारण असते याची सवय तिला लागते. हे संभाषण मराठीत करण्यास कोणतीच आडकाठी नाही. परदेशात घरची मराठी बहुधा ‘जेव’, ‘झोप’, ‘चल’ यांपुरती आक्रसते. तरंगणे, बुडणे, सावली, ओघ, घसरण हे शब्द तिला येथे वस्तूसह भेटतात. भारतातून आलेले आजी-आजोबा सोबत असतील, तर पाटी वाचून दाखवण्याचा भार न घेताही ते या गप्पांत सहभागी होऊ शकतात.

व्यवहाराच्या दृष्टीने काही गोष्टी पाळाव्यात. दार उघडताच, गर्दी होण्यापूर्वी पोहोचावे. एका भेटीत एकच दालन पुरे. कपड्यांचा जादा जोड न्यावा आणि झोपेच्या वेळेआधी निघावे. वारंवार जायचे असल्यास वार्षिक सदस्यत्व परवडते. अमेरिकेतील अनेक विज्ञान केंद्रे परस्परांच्या सदस्यांना मोफत प्रवेश देतात. मात्र घरापासून नव्वद मैलांच्या आतील केंद्रांना ही सवलत सहसा लागू होत नाही.

सदस्यत्वाचा आणखी एक लाभ आहे. तिकीट ‘वसूल’ करण्याची घाई उरत नाही, आणि मुलीला हौदाशी हवा तितका वेळ थांबता येते.