कोशिका-विलगन, वनस्पतींतील

वनस्पतीच्या ठराविक जागेतील जिवंत कोशिका (पेशी) एकमेकींपासून सुट्या होऊन पान, फूल, फळ किंवा बी मूळ झाडापासून अलग होते, या क्रियेस कोशिका-विलगन म्हणतात. पानगळ, फूलगळ व फळगळ ही तिची नेहमीची रूपे होत. पिकलेले पान स्वतःच्या भाराने किंवा वाऱ्याने तुटते, ही सर्वसाधारण समजूत अपुरी आहे. वारा हे अखेरचे निमित्त असते. तत्पूर्वी कोशिकांतील ग्राहींना (विशिष्ट रासायनिक संदेश ओळखून तो पुढे पोहोचविणाऱ्या प्रथिनांना) सूचना मिळून सांधा आतून उकललेला असतो. आंब्याची फांदी अकस्मात मोडली, तर तिची पाने वाळून तपकिरी होतात, पण गळत नाहीत. कारण विलगनाचे काम पार पाडण्यापूर्वीच कोशिका मरतात. सातारा व सांगली जिल्ह्यांतील प्रमुख पीक जो ऊस, त्याच्या बहुतेक वाणांच्या पानांत असा कार्यक्षम सांधा तयारच होत नाही. म्हणून पाचट वाळूनही कांड्यांना चिकटून राहते व मुद्दाम काढावे लागते.

प्राण्यांत विलगन व हालचाल या जोडीने चालणाऱ्या क्रिया आहेत. जखम भरून येताना त्वचेच्या कोशिका शेजारणींची पकड सैल करून पुढे सरकतात. श्वेत कोशिका रासायनिक संदेशाचा माग काढीत सूज आलेल्या जागी पोहोचतात. कोशिकेच्या पृष्ठभागावरील ग्राहींकडून आलेल्या संदेशानुसार आतील ॲक्टिन तंतूंची जुळणी व मोडणी होते आणि इंटिग्रिन प्रथिनांची बाहेरील आधारावरील पकड बदलते. वनस्पतींची कोशिका मात्र भित्तीने शेजारणींशी जखडलेली असते. तिला जागा सोडता येत नाही. फक्त सांधा सोडता येतो.

देठाच्या बुडाशी किंवा फळाच्या जोडावर लहान, दाट जीवद्रव्याच्या कोशिकांचे काही थर असतात. त्यांना विलगन पट्ट म्हणतात. लगतच्या कोशिकाभित्तींमध्ये पेक्टिनाचे मध्यपटल असते व तेच त्यांना सांधून ठेवते. विलगनाच्या वेळी पेक्टिन व सेल्युलोज यांचे विघटन करणारी एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारी प्रथिने) स्रवतात, मध्यपटल विरघळते आणि झाडाकडील उघड्या पृष्ठभागावर संरक्षक थर बनतो.

हा पट्ट जागा केव्हा व्हावा, हे मुख्यतः दोन हॉर्मोनांच्या प्रमाणावर ठरते. जोमदार पानाकडून किंवा वाढत्या फळाकडून ऑक्सिन देठात वाहत असते, तोवर पट्ट निद्रिस्त राहतो. हा ओघ आटला की, पट्टाच्या कोशिका एथिलीन वायूला संवेदनशील होतात. एथिलिनाचा ईटीआर-१ हा ग्राही १९९३ मध्ये ओळखला गेला. त्याची कार्यपद्धती चमत्कारिक वाटण्यासारखी आहे. एथिलीन नसताना तो सक्रिय असतो व पुढील मार्ग दाबून धरतो. एथिलीन जोडले गेले की, तो स्वतः शांत होतो आणि मार्ग मोकळा होतो. म्हणजे येथे संदेश पहारेकऱ्याला जागा करीत नाही, झोपवितो.

अखेरचा आदेश दुसऱ्या एका ग्राहीकडून जातो. मोहरीच्या कुलातील अरॅबिडॉप्सिस  थॅलियाना या लहान वनस्पतीवरील प्रयोगांत, हेसा नावाचा कोशिकापटलावरील ग्राही पाकळ्या गळण्यास आवश्यक असल्याचे २००० मध्ये दाखविण्यात आले. इडा हे त्याला जोडले जाणारे छोटे पेप्टाइड २००३ मध्ये सापडले. हे दोन्ही जुळले की, फॉस्फेट गट एकाकडून दुसऱ्याकडे देणाऱ्या प्रथिनांची साखळी सुरू होते व विघटक एंझाइमांची जनुके कार्यान्वित होतात. हेसा हे नाव ‘चिकटून राहणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. ग्राही निकामी झाला की पाकळ्या चिकटून राहतात, हे लक्षात घेता ते समर्पक म्हणावे लागेल.

या यंत्रणेचे व्यावहारिक महत्त्व सांगली जिल्ह्यातील द्राक्षबागांइतके स्पष्टपणे क्वचितच दिसेल. तासगाव, मिरज, कवठे महांकाळ व पलूस या तालुक्यांत थॉम्पसन सीडलेस आणि तिच्यातून तासगाव भागातच निवडलेली तास-ए-गणेश या बिनबियांच्या द्राक्षांची मोठी लागवड आहे. फळछाटणीपूर्वी वेलीवरील जुनी पाने उतरविण्यासाठी बागायतदार इथेफॉन फवारतात. त्यातून वनस्पतीच्या ऊतकात (समान कोशिकांच्या समूहात) एथिलीन मुक्त होते व पाने देठासह गळतात. तोच बागायतदार काढणीच्या काही दिवस आधी घडांवर नॅप्थॅलीन ॲसिटिक अम्ल हे कृत्रिम ऑक्सिन फवारतो, कारण आता मणी गळू नयेत अशी त्याची इच्छा असते. एकाच यंत्रणेला एका हंगामात दोन परस्परविरुद्ध सूचना दिल्या जातात. फवारणीची वेळ व मात्रा यांबाबत काटेकोर राहण्याचे कारण हेच आहे. मण्यांचा आकार वाढविण्यासाठी वापरलेल्या जिबरेलिनाची मात्रा अधिक झाल्यास देठ जाड, ताठ व काष्ठमय होतात आणि हाताळणीत मणी झडतात.

फुलोऱ्याच्या सुमारास होणाऱ्या हानीला बागायतदार ‘गळ-कूज’ असे जोडनाव देतात. बोलण्याच्या सोयीसाठी ते ठीक असले, तरी या दोन भिन्न घटना आहेत. कूज हा मुख्यतः बुरशीचा परिणाम असून तीत कोशिका मरतात. गळ ही जिवंत कोशिकांची क्रिया आहे. ढगाळ हवेत प्रकाशसंश्लेषण मंदावून अन्न कमी पडले की, कोवळ्या फळाकडून येणारे ऑक्सिन घटते व पट्ट जागा होतो. अवेळी पावसात दोन्ही एकाच वेळी येतात. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील पावसात बागांचे असेच मोठे नुकसान झाले. बुरशीनाशकाने कूज आवरता येते, परंतु उपाशी पडलेल्या मण्याची गळ त्याने थांबत नाही. घड विरळ करणे, पानांना पुरेसा प्रकाश मिळेल अशी वेलीची मांडणी राखणे, हे त्यावरील अधिक भरवशाचे उपाय होत.

बेदाणा करताना हे घड द्रावणात बुडवून जाळ्यांवर वाळवितात. त्या वेळी कोशिका लवकर मरत असल्यामुळे सुकलेले मणीही देठांना धरून राहतात. ते घासून वेगळे करावे लागतात.

धान्यांच्या बाबतीत माणसाने ही क्रिया नकळत, पण पिढ्यान् पिढ्या दडपली आहे. रानटी ज्वारीचे दाणे पक्व होताच सांध्यातून निखळून जमिनीवर सांडतात व त्यामुळे तिचा प्रसार होतो. कापणीपर्यंत कणसावर टिकलेलेच दाणे घरी येत व त्यांतूनच पुढचे बियाणे ठेवले जाई. अशा रीतीने दाणे न गाळणारे प्रकार शिल्लक राहिले. या बदलाशी निगडित असलेले एक जनुक २०१२ मध्ये निश्चित करण्यात आले. माण, खटाव किंवा जत तालुक्यांतील ज्वारीचा दाणा आपण होऊन कणीस सोडत नाही. त्यासाठी पूर्वी खळ्यावर बैलांची पात धरीत, आता मळणीयंत्र लावतात.