माणची माणसं वजराईच्या धबधब्यावर

दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदातली गोष्ट. गौरी-गणपती उरकले होते. बाजरी निसवून दाणा भरत होता, खुरपणी आटोपली होती आणि शाळू पेरायला अजून पंधरवडा अवकाश होता. आमच्या माण तालुक्यातल्या शेतकऱ्याला अशी मोकळीक वर्षातून फार थोडी मिळते. ती साधून मी एका गावात गेलो आणि पारावरच्या मंडळींना म्हणालो, "चला, एक दिवस धबधबा बघून येऊ."

मंडळी हसली. एक म्हातारबाबा म्हणाले, "सायेब, हितं टँकरची वाट बघून डोळं दुखत्यात, अन् तुम्ही धबधबा दावताय व्हय?"

खरं सांगायचं तर माझ्या मनात सहलीपेक्षा दुसरंच होतं. या गावात दोन सख्खे भाऊ आहेत. नावं सांगत नाही. असे भाऊ तुमच्याही गावात असतील. वाटणीत थोरल्याकडे डोंगराकडचा मुरमाड माळ आला. धाकट्याकडे ओढ्याकाठचं थोडंसं रान आणि विहीर आली. माळावर समतल चर खणले तर पावसाचं पाणी तिथंच मुरेल आणि खालच्या विहिरीचे झरे वाढतील, हे मी तीन वर्षं सांगत होतो. थोरला म्हणे, "रान माझं उकरायचं अन् पानी त्याच्या हिरीला?" धाकटा म्हणे, "हीर माझ्या वाटणीची. मी कुनाला का पानी द्यावं?" एका बांधावरून जाऊनही दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. थोरल्यानं हट्टानं माळावर तीन बोअर मारले. तिन्ही कोरडे गेले. तिसऱ्या बोअरसाठी त्यानं कारभारणीच्या पाटल्या मोडल्या होत्या आणि आता चौथ्यासाठी कर्ज काढायचं त्याच्या डोक्यात होतं.

यात माझीही चूक होती. मी थोरल्याला वेगळं समजावलं, धाकट्याला वेगळं समजावलं. दोघांना शेजारी बसवून कधी बोललो नाही. कागदावरचे नकाशे दाखवले, पण पाणी जमिनीत कसं चालतं ते डोळ्यांनी दाखवलं नाही. म्हणून हा बेत आखला.

दोघांना तयार केलं ते त्यांच्या आईनं. तिनं १९७२ च्या दुष्काळात, परकराच्या वयात, रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती आणि सुकडी खाऊन दिवस काढले होते. ती म्हणाली, "जल्मात एकदा वरनं पानी पडताना बघायचं हाय. दोगंबी चला, नायतर मी एकली जाते."

पहाटेची जीप

गर्दी टळावी म्हणून रविवार सोडून मधलाच वार धरला. मुलांची एक दिवस शाळा बुडणार होती, ते मास्तरांना आधी सांगितलं होतं. पहाटे चारला वडापची जीप दारात आली. थोरला चालकाशेजारी बसला, धाकटा पार मागे. मधे आजी, दोघी जावा, चार मुलं आणि मी. फडक्यात भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी आणि मिरचीचा खर्डा बांधून घेतला होता.

दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव असं करत उजाडताना साताऱ्यात पोचलो. तिथून यवतेश्वरचा घाट चढलो आणि बघता बघता मुलूख बदलला. धुकं, हिरवळ, कडेकडेनं वाहणारं पाणी. धाकट्याची मुलगी दहावीत आहे. तिनं विचारलं, "काका, एकाच जिल्ह्यात एवढा फरक कसा?"

तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. समुद्रावरून येणारे ओले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपलं ओझं तिथंच रिकामं करतात. महाबळेश्वराला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. डोंगर ओलांडून वारा आपल्याकडे येईपर्यंत कोरडा झालेला असतो. म्हणून माणात साडेचारशे मिलिमीटरच्या आसपासच पडतो. यात कुणाचं पाप नाही आणि कुणाचं पुण्यही नाही. डोंगराच्या कोणत्या अंगाला आपण राहतो, एवढाच प्रश्न आहे.

पुढे कासचं पठार लागलं. पश्चिम घाटातल्या ज्या ठिकाणांना २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत कास आहे. फुलांचा हंगाम भरात होता. गुलाबी तेरडा, पांढरे गेंद आणि निळी-जांभळी सीतेची आसवं. शेतकऱ्यानं हे सीतेचं आसू जरूर बघावं. जांभा दगडावर बोटभर माती, तिच्यात नत्र नावालाही नाही. मग ही वनस्पती काय करते? बारीक पिशव्या ठेवते, त्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडते आणि त्यांच्यातून नत्र मिळवते. थोरल्याची कारभारीण म्हणाली, "म्हंजी गरिबाघरची लेक. हाय त्यात भागवती." माझ्या पुस्तकात याहून चांगलं स्पष्टीकरण नाही.

कासच्या तलावाशी थोडं थांबलो. इंग्रजांच्या काळात बांधलेला हा तलाव सातारा शहराला पाणी देतो. तलाव उंचावर आणि शहर खाली, त्यामुळे पाणी उतारानंच जातं. थोरला तिथं बराच वेळ गप्प उभा होता.

खडबडीत वाट आणि जळवा

तलावापुढे भांबवलीचा रस्ता धरला तेव्हा जीपमधली गाणी बंद झाली. जागोजागी डांबर उखडलेलं, खड्ड्यांत तांबडं पाणी, एका बाजूला उतार. दोन ठिकाणी सगळ्यांना खाली उतरवून चालकानं रिकामी गाडी पुढे काढली. आजी तेवढ्या खाली उतरल्या नाहीत. "मी बैलगाडीतनं याहून वाईट रस्त्यानं सासरला आल्ये," असं म्हणून दांडी धरून बसल्या.

भांबवली हे लहानसं डोंगरी गाव आहे. गावातला एक वाटाड्या बरोबर घेतला. त्यानं आधी सर्वांच्या पायांना तंबाखू-मिठाचं पाणी चोळायला लावलं, कारण पावसाळ्यात या रानात जळवा फार. तरी धाकट्याच्या पोटरीला एक चिकटलीच. तो ओढून काढणार, तेवढ्यात वाटाड्या ओरडला, "वढू नगा, मीठ टाका." मीठ टाकताच जळू आपोआप सुटली. जळू ओढून काढली तर जखम चिघळू शकते, हे ध्यानात ठेवावं.

दाट झाडीतून निसरडी पायवाट होती. मधे एक ओढा गुडघ्याखालच्या पाण्यातून ओलांडला. आजींसाठी थांबत थांबत गेलो, त्यामुळे तासभर लागला. आधी आवाज आला. मग झाडी सरली आणि समोर वजराई दिसला.

तीन टप्प्यांत कोसळणारा हा धबधबा १८४० फूट उंच असल्याचं सांगतात. कड्यावरून निघालेलं पाणी पहिल्या टप्प्यावर आपटून पांढरं होतं, पुन्हा सावरतं, पुन्हा कोसळतं. वाऱ्यानं तुषार आमच्या तोंडावर येत होते. आजींनी पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. कुणीच काही बोललं नाही.

थोड्या वेळानं थोरला म्हणाला, "केवढं पानी वाया चाललंय हे!"

वाया जाणारं पाणी कोणतं?

याच वाक्याची मी वाट बघत होतो. मी म्हणालो, "दादा, हे पाणी वाया जात नाही. इथंच उरमोडी नदी जन्मते. खाली परळीला तिच्यावर धरण आहे, जवळजवळ दहा टीएमसीचं. त्यातलं पाणी उपसा करून कालव्यानं खटाव आणि माणात आणलं आहे. आपल्या तालुक्यातल्या ज्या रानात उरमोडीचं पाणी आलं, ते याच डोंगरातलं."

मग वाटाड्यानंच एक गोष्ट सांगितली. पावसाळा संपला तरी हा धबधबा एकदम आटत नाही, धार बारीक होत जाते. याचं कारण वरच्या पठारात आहे. माथ्यावरचा जांभा दगड सच्छिद्र असतो. पाऊस पडला की पाणी त्यात मुरतं. खाली घट्ट थर लागला की ते आडवं चालत येतं आणि कड्याच्या पोटातून झऱ्यांच्या रूपानं बाहेर पडतं. वरचा दगड पाणी धरतो, म्हणून खालची नदी वाहते. दगड पाण्याला म्हणत नाही की तू खालच्याच्या वाटणीचं आहेस.

"आता तुमचा माळ घ्या," मी म्हणालो. "एका एकरावर साडेचारशे मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी होतं? अठरा लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर एकशे ऐंशी टँकर. एवढे टँकर दरवर्षी तुमच्या एकेका एकरावर फुकट येऊन रिकामे होतात. मुरूम उघडा पडला आहे, म्हणून त्यातलं बरंचसं दोन-चार मोठ्या सरींत ओढ्याला जातं आणि जाताना मातीही नेतं. वाया जातं ते पाणी ते."

थोरला बोटांवर हिशेब करत राहिला. धाकटा लांब उभा होता, पण त्याचे कान इकडेच होते.

ओढा फुगला

मुलांना धबधब्याच्या पाण्यात उतरायचं होतं. वाटाड्यानं ठाम नकार दिला. पोरं फुरंगटली. पण परतताना ओढ्याशी आलो तर सकाळी गुडघ्याखाली असलेलं पाणी मांडीच्या वर चढलं होतं, तांबडं झालं होतं आणि त्यातून काटक्या-पाचोळा वाहत होता. आमच्या अंगावर तर रिमझिमही नव्हती. पाऊस वर डोंगरात पडला होता. थोरल्याचा मुलगा कॉलेजात जातो, चांगला पोहतो. तो म्हणाला, "दोर धरून जाऊ की." वाटाड्या म्हणाला, "घाई केल्याली माणसं आमी खालच्या डोहातनं काढल्यात." पोरगा गप्प बसला.

दीड तास थांबलो. बसण्याजोगा कोरडा खडक एकच होता. त्यामुळे दोघं भाऊ तीन वर्षांत पहिल्यांदा हातभर अंतरावर बसले. धाकट्या जावेनं उरलेली भाकरी मोडून पहिला तुकडा थोरल्या दिरापुढे धरला. त्यानं घेतला.

आजी ओढ्याकडे बघत म्हणाल्या, "तुमचा बाप हीर खणताना थोरला सात वर्सांचा हुता. पाटीभर माती डोक्यावर घेऊन चढायचा. धाकटा तवा पाळण्यात हुता." एवढंच बोलल्या आणि पुन्हा पाण्याकडे बघू लागल्या.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग धाकटा खाली मान घालून म्हणाला, "दादा, चर खणलं तर आठवड्यातनं दोन पाळ्या तुमच्या रानाला. मोटार माझी, लाइटबिल निम्मं निम्मं."

थोरला म्हणाला, "तीन."

"बघू," धाकटा म्हणाला.

पाणी उतरलं, पुन्हा निवळ झालं, तेव्हा वाटाड्यानं काठीनं तळ चाचपून आम्हाला पलीकडे नेलं. आजींना दोघांनी दोन्ही बाजूंनी धरलं होतं.

जाणार असाल तर

घरच्या माणसांना घेऊन अशा ठिकाणी जाणार असाल तर काही गोष्टी पाळा. आषाढ-श्रावणाच्या मुसळधार पावसात जाऊ नका. अतिवृष्टीच्या दिवसांत प्रशासन बंदीही घालतं, ती मोडू नका. फुलांच्या हंगामात कासला प्रवेश मर्यादित असतो, आधी नोंदणी करा. गावातला वाटाड्या घ्या, त्याच्या घरी चार पैसे जातील आणि तुमचा जीव राहील. पाणी गढूळ झालं, काटक्या येऊ लागल्या किंवा आवाज बदलला की वर पाऊस झाला असं समजा आणि काठापासून उंच जागी व्हा. नवी चप्पल नको, पकड असलेला बूट हवा. मीठ जवळ ठेवा. फुलं तोडू नका आणि प्लास्टिक परत आणा.

पुढे काय झालं

गेल्या वर्षी वैशाखात माळावर चर खणले. दोन फूट रुंद, एक फूट खोल, नळीच्या लेव्हलनं आखणी करून, माती उताराकडच्या अंगाला टाकून. मातीच्या वरंब्यावर सीताफळ आणि शेवरी लावली. दोन्ही घरची माणसं कुदळ-पाटी घेऊन उभी होती. पाळ्यांवरून मधे एकदा वाजलं, तेही सांगतो. मग अडीचवर मिटलं, म्हणजे एका आठवड्यात दोन आणि पुढच्या आठवड्यात तीन.

आधी विहीर माघात तळ गाठायची. यंदा पाडव्याला तिच्यात पुरुषभर पाणी होतं. गेल्या वर्षी पाऊसही बरा झाला, त्यामुळे सगळं श्रेय चरांना देणं खरं होणार नाही. आणखी दोन-तीन वर्षं मोजमाप ठेवू, मग बोलू. पण चौथा बोअर मारला गेला नाही आणि त्याचं कर्जही निघालं नाही, हे आजच सांगता येतं.

परवा मी गेलो तेव्हा आजी ओट्यावर बसल्या होत्या. मी विचारलं, "पुन्हा यायचं का धबधब्याला?"

"बघितला की एकदा," त्या म्हणाल्या. "आता माझी ही हीरच बघती. रोज काठी टेकत जाते अन् किती पायऱ्या बुडाल्यात ते मोजून येते."