दिवा पेटला, पण दुखणे कुठे?

सकाळी गार इंजिन सुरू केले की ते थरथरते. सिग्नलला गाडी उभी असताना आचके देते आणि मोकळ्या रस्त्यावर मात्र काही झालेच नाही अशा थाटात पळते. डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा पेटलेला असतो. अमेरिकेत पंचवीस वर्षांपूर्वीचा पेट्रोल पिकअप ट्रक अजून कामाला जुंपणाऱ्या शेतकऱ्याला किंवा सुताराला ही लक्षणे ओळखीची आहेत. गाडीला स्कॅनर जोडला की पी ०१७१ आणि पी ०१७४ असे दोन कोड दिसतात. दोन्हींचा अर्थ एकच. इंजिन ‘लीन’ चालते आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे.

बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. कोड ऑक्सिजन सेन्सरच्या मोजमापावरून आला, म्हणून तो सेन्सरच बदलला जातो. पैसे जातात आणि चार दिवसांनी दिवा पुन्हा पेटतो. सेन्सर कधी खरोखरच बिघडतो, नाही असे नाही. पण तपासणी न करता तो बदलणे म्हणजे ताप दाखवला म्हणून थर्मामीटर फेकून देणे.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण राखण्यासाठी एक्झॉस्टच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर बसवतात. बॉश कंपनीचा असा सेन्सर १९७६ मध्ये कॅलिफोर्नियासाठीच्या व्होल्वो गाड्यांत प्रथम आला. जळून बाहेर पडणाऱ्या वायूत ऑक्सिजन जास्त उरला तर तो इंजिनाच्या कॉम्प्युटरला तसे कळवतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. या वाढ-घटीला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात. ती उणे-अधिक १० टक्क्यांच्या आत असेल तर सहसा काळजी नसते. २० ते २५ टक्के वाढवूनही भागत नसेल, तर कॉम्प्युटर हात टेकतो आणि दिवा लावतो. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून मोटारी आणि हलक्या ट्रकना ही स्वयंतपासणी सक्तीची झाली, त्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक पेट्रोल पिकअपमध्ये हे आकडे स्वस्तातल्या स्कॅनरवरही वाचता येतात.

निदान दडलेले असते ते याच आकड्यांत. गाडी उभी ठेवून, इंजिन नुसते चालू असताना ट्रिम वाचावी. मग इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर नेऊन पुन्हा वाचावी. पहिला आकडा मोठा आणि दुसरा जवळजवळ नॉर्मल असेल, तर कुठून तरी चोरून हवा शिरते आहे. कारण सोपे आहे. अर्धा कप चहात चमचाभर पाणी पडले तर चव लगेच बिघडते, बादलीभर चहात ते कळतही नाही. उभ्या गाडीचे इंजिन थोडीच हवा ओढते, त्यामुळे फटीतून येणारी हवा तिथे भारी पडते. वेग वाढला की तिचा वाटा नगण्य होतो.

उलट, उभ्या गाडीत आकडा ठीक आणि चढावर किंवा ओझे घेऊन पळताना वाढत असेल, तर पेट्रोल पुरे पोचत नाही. फ्युएल पंप थकलेला असतो किंवा फिल्टर तुंबलेला असतो. प्रेशर गेज लावले की कळते. दाब ठीक निघाला, तर आत येणारी हवा मोजणारा सेन्सर मळून ती कमी मोजत असेल.

व्ही-८ इंजिनाच्या दोन बाजूंचे कोड वेगळे असतात, हीही मोठी खूण. दोन्ही आले तर कारण सामाईक. एकच आला तर त्या बाजूचे गॅस्केट, इंजेक्टर किंवा सेन्सर पाहावा. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला चीर असेल, तर बाहेरची हवा आत खेचली जाते आणि इंजिन ठीक असूनही लीन असल्याचा भास होतो.

जुन्या पिकअपमध्ये अनेकदा गुन्हेगार निघते ती क्रँककेसमधल्या वाफा परत इंजिनात नेणाऱ्या पीसीव्ही नळीची रबरी वळणे. उष्णता आणि तेलाने रबर मऊ पडते, चिरते. फट मात्र इंजिनाच्या मागच्या बाजूला लपलेली असते. ती शोधायला नळ्यांत धूर सोडण्याचे यंत्र सर्वांत चांगले. तापलेल्या इंजिनावर क्लीनरचा फवारा मारून फट शोधण्याची पद्धत आगीला आमंत्रण देते. तसेच बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

‘चालते आहे ना, चालू द्या’ असे म्हणणे मात्र महागात पडते. ओझ्याखाली लीन चालणाऱ्या इंजिनात ठोके पडू लागतात, व्हॉल्व्ह आणि पिस्टन जळू शकतात. हवेचेही नुकसान होते. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जास्त असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे विघटन करता येत नाही. हे वायू आणि न जळलेले इंधन उन्हात एकत्र येऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो, हे आरी हागेन-स्मित या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा अभ्यास करून दाखवले. दमेकऱ्यांना तो ओझोन विशेष बाधतो.

आपल्याकडचे बहुतेक पिकअप डिझेलचे. डिझेल इंजिन मुळातच जास्तीच्या हवेवर चालते, त्यामुळे हा हिशोब त्यांना लागू नाही. पण इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत हाच सेन्सर आणि हीच ट्रिम असते. दिवा पेटला तर मेकॅनिकला नुसता कोड विचारून थांबू नये. उभ्या गाडीत ट्रिम किती आणि २,५०० फेऱ्यांना किती, हे दोन आकडे मागावेत. ते बघितल्याशिवाय सुटा भाग बदलायला निघालेल्याला थोडे थांबायला सांगावे.