डाळ वाटली आणि लसीकरण स्वस्त पडले

गाळ्याचे भाडे, मुनिमाचा आणि रखवालदाराचा पगार हे खर्च माल थोडा निघो वा भरपूर, चुकत नाहीत. म्हणूनच मंदीत एकेक नग महाग पडतो आणि हंगामात तोच स्वस्तात बसतो. हे आपल्या कारखानदार बंधूंना सांगावे लागत नाही. परंतु रोगराईविरुद्ध खर्च होणाऱ्या पैशालाही हाच हिशेब लागू पडतो, याकडे सहसा लक्ष जात नाही.

राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात 2004 ते 2007 या काळात हा हिशेब प्रत्यक्ष मांडून पाहण्यात आला. 'सेवा मंदिर' या तेथील संस्थेबरोबर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम केले. (बॅनर्जींचा जन्म मुंबईचा, मातोश्री मराठी, या दोघांना 2019 साली मायकेल क्रेमर यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.) त्या भागात सरकारी उपकेंद्रे होती, लसही फुकट होती, मात्र आधीच्या एका पाहणीत तेथील परिचारिका 45 टक्के वेळा जागेवर नसल्याचे आढळले होते. आई कडेवर मूल घेऊन पायपीट करत यायची आणि दाराला कुलूप पाहून परतायची. असे एकदोनदा घडले की तिसऱ्यांदा कोण येणार?

एकूण 134 गावे निवडण्यात आली. त्यांपैकी 30 गावांत दर महिन्याला ठरल्या तारखेस, ठरल्या वेळी शिबिर भरवले, आणि परिचारिका हजर राहीलच अशी व्यवस्था केली. दुसऱ्या 30 गावांत असेच शिबिर, शिवाय प्रत्येक लसीमागे एक किलो डाळ आणि सर्व लसी पूर्ण झाल्यावर जेवणाच्या थाळ्यांचा संच. डाळीची किंमत त्यावेळी सुमारे 40 रुपये, म्हणजे तेथील पाऊण दिवसाची मजुरी. उरलेल्या गावांत जे चालले होते तेच चालू ठेवले.

निकाल असा आला. काहीच न केलेल्या गावांत एक ते तीन वर्षे वयाच्या मुलांपैकी 6 टक्के मुलांचे लसीकरण पूर्ण झालेले होते. नुसत्या शिबिरांच्या गावांत 18 टक्के आणि डाळ दिलेल्या गावांत 39 टक्के. मोजले ते 'पूर्ण' लसीकरण, हे ध्यानात घ्यावे. पहिली सुई घेणारी मुले दोन्ही प्रकारच्या शिबिरांत भरपूर होती. फरक पडला तो शेवटपर्यंत येत राहण्यात. सुया मोजल्या असत्या तर हा फरक बराचसा झाकून गेला असता. अर्धवट विणलेले ठाण जसे विक्रीला जात नाही, तसाच हा प्रकार.

आता पैशाचे. डाळीविना शिबिर चालवले तेव्हा पूर्ण लस मिळालेले एक मूल सुमारे 2,200 रुपयांना पडले. डाळ आणि थाळ्या वाटूनही तेच मूल सुमारे 1,100 रुपयांना पडले! कारण उघड आहे. परिचारिकेचा रोज, गाडीचे भाडे आणि लस थंड ठेवण्याची सोय हे खर्च ठरलेलेच. समजा, एका शिबिराचा असा खर्च 600 रुपये आहे. चार मुले आली तर दरमुली 150 रुपये. डाळीमुळे बारा आली तर 50, त्यात डाळीचे 40 मिळवले तरी 90. (हे आकडे केवळ समजण्यासाठी.) एखाद्या काटकसरी अधिकाऱ्याने नुसते एकूण बिल पाहिले असते, तर 'डाळ कशाला?' म्हणून तोच खर्च आधी कापला असता.

फुकट वस्तूची कदर राहत नाही, असे आपण बाजारात नेहमी ऐकतो, आणि गिऱ्हाइकाच्या बाबतीत ते पुष्कळदा खरेही असते. येथे मात्र फुकट लसही आईला फुकट पडत नव्हती. तिचा रोज बुडत होता. आरोग्य खात्याच्या खतावणीत हा खर्च कुठेच नोंदला जात नाही.

या हिशेबाची एक उणीवही सांगितली पाहिजे. 39 टक्के म्हणजे शंभरातली 61 मुले अजून उघडीच. गोवरासारखा झपाट्याने पसरणारा रोग रोखायचा तर सुमारे 95 टक्के मुलांना लस मिळालेली असावी लागते. तेव्हा दर मुलामागे खर्च निम्मा झाला म्हणून साथ टळली, असे होत नाही. किंमत एका मुलाची मोजता येते. परंतु साथीपासून बचाव साऱ्या मोहल्ल्याचा मिळून होतो.

2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी, तसेच भिवंडी व मालेगाव येथे गोवराची साथ आली आणि बालके दगावली. दाट वस्ती, रोजंदारीचे घर, दोघेही कामावर. उदयपूरच्या आईची अडचण येथे वेगळ्या रूपात आहे. येथे केंद्र जवळ असते, पण ते उघडे असते तेव्हाच कामाची पाळी असते. कारखान्यात धान्य वाटावे असे आम्ही म्हणत नाही. गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस मूल नऊ महिन्यांचे पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असतो. सरकारी केंद्रावर दोन्ही मोफत. कामगाराला या दोन वेळांना अर्ध्या दिवसाची भरपगारी रजा दिली, तर मालकाच्या वहीत दर मुलामागे एका दिवसाची मजुरी खर्ची पडेल.