रॉडचे गाईड कुठे बांधायचे?

खाडीत चोणक, तांबोशी गरवणारी आपली पोरं हल्ली रॉड घरीच बांधतात. पण बरेच जण सगळे गाईड सारख्याच अंतरावर लावतात. मग मोठा मासा लागला की सगळा ताण एकाच जागी येतो आणि रॉड तिथेच मोडतो. मासा गेला, पैसेही गेले. म्हणून आम्ही थोडक्यात सांगतो.

ताण पूर्ण रॉडवर वाटून देणं हे गाईडचं काम. टोक बारीक, जास्त वाकणारं. म्हणून तिथे गाईड जवळ जवळ आणि बुडाकडे अंतर वाढवत न्यायचं. ९ फुटी फ्लाय रॉडला साधारण फुटाला एक गाईड धरतात, टोकाचा वेगळा. स्पिनिंग रॉडला थोडे कमी चालतात. तुकड्यांचा रॉड असेल तर सांध्यावर गाईड नको.

आधी गाईड नुसत्या टेपने लावा. तंगूस ओवा. एकाने तंगूस धरायची, दुसऱ्याने रॉड हळूहळू वाकवायचा. बाजूने बघा: तंगूस रॉडच्या बाकाबरोबर गेली पाहिजे. जिथे ती कोन करून बाक सोडते, तिथे गाईड सरकवा किंवा एक वाढवा. गाईड वरच्या बाजूला असतील तर तंगूस रॉडला घासता कामा नये.

मग बुडाकडून एक डोळा मिटून बघा, सगळे गाईड एका रेषेत हवेत. पेन्सिलने खूण करा, त्यानंतरच धागा आणि इपॉक्सी.

टेप काढायला मिनिट लागतं, इपॉक्सी खरवडायला अख्खी दुपार!