नियम कुणाचे, हिशेब कुणाचा?

पुण्यात आमचा पाच जणांचा गट आहे. महिन्यातून दोन रविवार आम्ही कुणाच्या तरी घरी जमतो. चहा होतो, फासे निघतात आणि पुढचे चार तास ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ रंगतो. या खेळात पट कुठे असतो, हा प्रश्न माझी आई अजून विचारते. पट नसला तरी चालतो. एक जण गोष्ट पुढे नेतो, बाकीचे आपापल्या पात्राने काय करायचं ते ठरवतात आणि जिथे यशाची खात्री नाही तिथे वीस बाजूंचा फासा निकाल देतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन या अमेरिकनांनी रचलेला हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी जगभरचे खेळाडू हौसेने सॉफ्टवेअर लिहितात. त्यांतलाच मी एक.

सॉफ्टवेअर लागतं कशाला? हिशेबाला. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो आणि त्यावरचे आकडे एकमेकांत गुंतलेले असतात. समजा, पात्राची ताकद १५ आहे. त्यातून १० वजा करायचे, उरलेल्याचं निम्मं करायचं आणि अपूर्णांक सोडायचा. हाती २ येतात. हे २ तलवारीच्या वारात मिळतात, इजेत मिळतात, भिंत चढण्यातही मिळतात. पाठीवर किती वजन पेलेल ते ताकदीच्या पंधरापट, म्हणजे २२५ पौंड. आता त्याला जादूचे हातमोजे सापडले, जे घालताच ताकद १९ होते. लगेच २ चे ४ होतात, २२५ चे २८५ होतात. शिवाय ताकद आधीच १९ किंवा जास्त असेल, तर हातमोज्यांचा उपयोग शून्य. नियम सोपा असतो, दमवतात ते अपवाद.

माझ्या पहिल्या प्रोग्रॅमने इथेच मार खाल्ला. हातमोजे घातल्यावर मी १५ खोडून १९ लिहीत होतो. पुढे चोरांनी हातमोजे पळवले, पण मूळचे १५ प्रोग्रॅमला आठवेचनात. दोन रविवार ते पात्र फुकटच्या ताकदीवर लढलं. त्यातून मी शिकलो की उत्तर साठवायचं नाही, कारण साठवायचं. मूळ ताकद १५, अंगावर हातमोजे, एवढंच नोंदवायचं आणि बाकीचं दरवेळी नव्याने मोजायचं. आपल्या किराणा दुकानदाराची खतावणीही रोजकीर्दीवरूनच तयार होते.

दुसरा धडा जुन्या लोकांकडून मिळाला. ‘पीसीजेन’ हा जावा भाषेत लिहिलेला मोफत प्रोग्रॅम २००० सालापासून चाहत्यांनीच वाढवला आहे. त्यात पुस्तकातले नियम प्रोग्रॅमच्या आत कोंबलेले नाहीत. ते साध्या मजकुराच्या वेगळ्या फायलींत आहेत. नवं पुस्तक आलं की नवी फाईल जोडायची. प्रोग्रॅमिंग न येणारा खेळाडूही ते काम करू शकतो.

या फाळणीला कायद्याचीही बाजू आहे, हे मला उशिरा कळलं. मी हौसेने दोन पुस्तकांतली मंत्रांची वर्णनं शब्दशः टाइप करून ठेवली होती. गटापुरतं होतं तोवर कुणाला काही वाटलं नाही. मग एका मित्राने तो प्रोग्रॅम आणखी दोन गटांना दिला आणि मला झोप लागेना. खेळाची पद्धत सहसा कुणाच्या मालकीची नसते. ती सांगणारे शब्द मात्र लेखकाचे किंवा प्रकाशकाचे असतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ मध्ये बेकर विरुद्ध सेल्डन या खटल्यात हा भेद केला, आणि वाद होता हिशेबवह्यांचा! आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात कल्पना आणि तिची मांडणी यांत फरक केला. मी वर्णनं काढली. त्या जागी फक्त पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक ठेवला. प्रोग्रॅम गरीब झाला, पण उजळ माथ्याने कुणालाही देता येऊ लागला.

काही मजकूर मात्र वापरायची परवानगी होती. १९९०च्या दशकात तेव्हाची प्रकाशन कंपनी टीएसआर चाहत्यांच्या इंटरनेटवरच्या लेखनाला हरकत घेई. पुढे खेळ ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’कडे गेला आणि २०००मध्ये त्यांनी ‘ओपन गेम लायसन्स’ आणलं. मूळ नियमांचा एक मोठा भाग अटी पाळून कुणीही वापरावा, अशी ती मुभा होती. त्यावर वीसेक वर्षं कितीतरी लहान प्रकाशक आणि हौशी प्रोग्रॅमर उभे राहिले.

जानेवारी २०२३मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुना परवाना रद्द ठरणार होता आणि नवा फक्त छापील पुस्तकांना व पीडीएफसारख्या स्थिर फायलींना लागू होणार होता. म्हणजे आमच्यासारखे थेट बाहेर. ओरड झाल्यावर १९ जानेवारीला सुधारित मसुदा आला. त्यात पडद्यावर टेबल मांडणाऱ्या सॉफ्टवेअरला जागा होती, पण मंत्राचा बाण पडद्यावर उडताना दाखवला तर तो व्हिडिओ गेम, असं म्हटलं होतं. कंपनीने मतं मागवली. पंधरा हजारांहून अधिक लोकांनी उत्तरं दिली आणि सॉफ्टवेअरच्या या धोरणावर ८६ टक्के नाराज निघाले. २७ जानेवारीला कंपनी मागे हटली. जुना परवाना कायम राहिला आणि पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा चारशे पानांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला झाला. श्रेय द्या आणि वापरा, एवढीच मुख्य अट. ही परवानगी आता परत घेता येत नाही.

त्या तीन आठवड्यांत मी माझ्या फायली पुन्हा तपासल्या. काढावं असं फारसं काही उरलेलं नव्हतं, कारण उसनं आधीच परत केलं होतं. आता त्या दस्तऐवजातली वर्णनं रीतसर श्रेय देऊन मी परत घातली आहेत. बाकीच्या मंत्रांपुढे अजूनही पान क्रमांकच आहे. गटातला धाकटा कुरकुरतो, मग उठून पुस्तक उघडतो. फासे मात्र आम्ही हातानेच टाकतो.