लॅपटॉपची स्क्रीन आपोआप मंद होते: दोष स्क्रीनचा की डोळ्यांचा?

पीक विम्याचा अर्ज भरताना, परीक्षेचा अभ्यास करताना किंवा ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलताना लॅपटॉपची स्क्रीन मध्येच मंद होते. मग आपण मान पुढे काढतो, डोळे बारीक करून वाचतो आणि तासाभरात कपाळ ठणकू लागते. बहुतेक वेळा हा बिघाड नसतो. बॅटरी वाचवण्यासाठी दिलेली ती सोय असते आणि दोन मिनिटांत बंद करता येते. मात्र कधी कधी मंद झालेली असते ती नजर, आणि दोष मात्र लॅपटॉपला दिला जातो. त्यात मोतीबिंदू किंवा मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला झालेली इजा ओळखायला उशीर होतो. म्हणून सेटिंग बदलण्याआधी एक छोटी तपासणी करा.

आधी हे करून पाहा

1. चार्जर लावा. स्क्रीन लगेच उजळली, तर कारण बॅटरी बचतीचे आहे.
2. तीच स्क्रीन घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवा. त्यालाही मंद दिसली तर दोष स्क्रीनचा. फक्त तुम्हालाच मंद दिसत असेल तर डोळ्यांचा असू शकतो.
3. नेहमीचा चष्मा लावून एक डोळा तळहाताने झाका, मग दुसरा. दोन्ही डोळ्यांच्या दिसण्यात फरक वाटला, तर तो लॅपटॉपमुळे असूच शकत नाही.
4. दिवसाउजेडी वर्तमानपत्र वाचा. छापील अक्षरेही फिकी किंवा धुरकट दिसत असतील, तर डोळे तपासून घ्या.

स्क्रीन आपोआप मंद का होते?

याची मुख्य कारणे चार आहेत.

*बॅटरी बचत:* वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू लागतो आणि उजेड कमी करतो. भारनियमनाच्या वेळी काम करणाऱ्यांना हा अनुभव रोजचा आहे.

*प्रकाश ओळखणारा सेन्सर:* अनेक लॅपटॉपमध्ये कॅमेऱ्याजवळ हा सेन्सर असतो. भोवतालचा उजेड कमी झाला की तो स्क्रीनही मंद करतो. त्यावर धूळ बसली किंवा स्टिकर चिकटवले, तर त्याला कायम अंधारच वाटतो.

*स्क्रीनवरचा मजकूर:* काही लॅपटॉप गडद चित्र आले की उजेड कमी करतात आणि पांढरे पान आले की वाढवतात. त्यामुळे स्क्रीन सतत वरखाली होत राहते.

*उष्णता:* परभणीचा पारा उन्हाळ्यात 42 अंशांच्या वर जातो. फार तापल्यावर मोबाइल आणि काही लॅपटॉप स्वतःच उजेड कमी करतात. लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवर न ठेवता टेबलावर, सावलीत ठेवा.

हे बंद कसे करावे?

*विंडोज 11:* ‘सेटिंग्ज’, मग ‘सिस्टीम’, मग ‘डिस्प्ले’ उघडा. ‘ब्राइटनेस’च्या शेजारच्या बाणावर क्लिक करा. ‘चेंज ब्राइटनेस ऑटोमॅटिकली व्हेन लाइटिंग चेंजेस’ या ओळीपुढची खूण काढा. सेन्सर नसलेल्या लॅपटॉपमध्ये ही ओळ दिसत नाही. मजकुरानुसार उजेड बदलण्याचा पर्याय तिथेच असतो. तो ‘ऑफ’ करा.

*बॅटरी बचतीसाठी:* ‘सिस्टीम’मधल्या ‘पॉवर अँड बॅटरी’मध्ये जा. बॅटरी सेव्हर किंवा एनर्जी सेव्हरखाली स्क्रीनचा उजेड कमी करण्याचा पर्याय आहे, तो बंद करा. बॅटरी थोडी लवकर उतरेल, हे गृहीत धरा.

*मॅकबुक:* ‘सिस्टीम सेटिंग्ज’मधल्या ‘डिस्प्लेज’मध्ये ‘ऑटोमॅटिकली अ‍ॅडजस्ट ब्राइटनेस’ बंद करा. बॅटरीवर स्क्रीन मंद करण्याचा पर्याय ‘बॅटरी’च्या ‘ऑप्शन्स’मध्ये आहे.

मग उजेड किती ठेवावा?

आपोआप मंद होणे थांबवले म्हणजे उजेड पूर्ण वाढवायचा, असे नाही. स्क्रीनवरच्या पांढऱ्या पानाशेजारी पांढरा कागद धरा. स्क्रीन दिव्यासारखी झळकत असेल तर उजेड कमी करा. मळकट दिसत असेल तर वाढवा. दोन्ही सारखे दिसले की तो उजेड योग्य. खिडकी पाठीमागे किंवा समोर न ठेवता बाजूला ठेवा आणि रात्री खोलीतला दिवा लावूनच काम करा.

मंद स्क्रीनवर वाचल्याने डोळे कायमचे खराब होत नाहीत. थकतात मात्र नक्की. शिवाय स्क्रीनकडे एकटक पाहताना पापण्या नेहमीपेक्षा खूप कमी वेळा मिटतात; त्यामुळे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. दर 20 मिनिटांनी 20 फूट लांबच्या वस्तूकडे 20 सेकंद पाहा आणि पापण्यांची मुद्दाम उघडझाप करा.

मायग्रेन असलेल्यांना किंवा डोळा आलेल्यांना प्रखर उजेड सोसत नाही. त्यांनी स्क्रीन मंदच ठेवावी, पण ती सतत बदलू देऊ नये.

घरातल्या ज्येष्ठांची स्क्रीन वेगळी

वय वाढते तशी बाहुली लहान होत जाते आणि डोळ्यातले भिंग पिवळसर होते. विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोचतो. म्हणून नातवाला लख्ख दिसणारी स्क्रीन आजोबांना अंधुक वाटते. ‘दिसतंय की नीट’ म्हणून त्यांचे बोलणे उडवून लावू नका. अक्षरे मोठी करा, उजेड वाढवा. आणि तरीही दिसत नसेल तर त्यांना नेत्ररोगतज्ज्ञांकडे न्या. मोतीबिंदू असेल तर तो थेंबांनी जात नाही, शस्त्रक्रियेने जातो. राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष नियंत्रण कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते; जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

मधुमेह असेल तर दिसायला काहीच त्रास नसला, तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासून घ्या. पडद्याचा आजार सुरुवातीला दुखत नाही आणि नजरही कमी करत नाही.

थांबू नका, लगेच दवाखाना गाठा

- एका डोळ्यापुढे काही मिनिटे अंधारी आली आणि पुन्हा दिसू लागले. त्रास गेला म्हणून सोडून देऊ नका. ही पक्षाघाताची पूर्वसूचना असू शकते.
- नजर अचानक गेली किंवा डोळ्यापुढे पडदा सरकल्यासारखे वाटले.
- विजेसारख्या चमका दिसू लागल्या, काळे ठिपके एकाएकी वाढले.
- डोळा लाल होऊन तीव्र दुखतो, उलटी होते आणि दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात.
- अंधारीबरोबर तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा हातपाय लुळे पडले. अशा वेळी 108 ला फोन करा.

थोडक्यात, स्क्रीन मंद वाटली की चार्जर लावा, एकेक डोळा झाकून पाहा आणि मग सेटिंग बदला. सेटिंग बदलूनही फरक पडला नाही, तर लॅपटॉप दुरुस्तीला टाकण्याआधी डोळे तपासून घ्या.